गाडी चालवणारा माणूस कोणाचा?

अमेरिकेत घर शोधणाऱ्या कुटुंबाला शनिवार-रविवारी आपल्या गाडीत बसवून घरं दाखवणारा, मुलं कितवीत आहेत हे विचारणारा, बोलता बोलता बजेट काढून घेणारा एजंट विसाव्या शतकाचा बहुतेक काळ कायद्याने विक्रेत्याचा माणूस होता. "ते चार लाख मागताहेत, पण घर फार आवडलंय, आम्ही चार-वीसपर्यंत जाऊ," असं तुम्ही त्याला विश्वासाने सांगितलंत, तर ते विक्रेत्याच्या कानावर घालणं हे त्याचं कर्तव्य ठरत असे. त्याने ते सांगितलं नाही, तरच तो चुकला!

हे कोणी कट करून घडवलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथले दलाल एकत्र जमून आपापल्याकडची घरं एकमेकांना सांगू लागले: माझ्याकडचं घर विकायला मदत कर, कमिशन वाटून घेऊ. त्यातूनच आजची 'एमएलएस' नावाची सामायिक यादी उभी राहिली. ही प्रथा विकण्याच्या गरजेतून जन्मली, म्हणून यादीतलं घर दाखवणारा प्रत्येक एजंट विक्रेत्याचा उपएजंट मानला गेला. खरेदीदाराच्या बाजूने कोणी असावं, हा विचारच त्या रचनेत नव्हता. १९८३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने या धंद्याची पाहणी केली, तेव्हा सत्तर टक्क्यांहून जास्त खरेदीदार समजत होते की आपल्याला घरं दाखवणारा एजंट आपलाच आहे. आयुष्यातला सगळ्यांत मोठा व्यवहार करताना इतक्या लोकांना आपल्या शेजारी बसलेला माणूस कोणाचा, हे ठाऊक नव्हतं.

१९९०च्या दशकात हे बदललं. एजंटाने आपण कोणाच्या बाजूने आहोत हे सांगितलंच पाहिजे, असे कायदे राज्याराज्यांत आले आणि 'बायर्स एजंट' रूढ झाला. खरेदीदाराशी निष्ठा, त्याच्या गोष्टी गुप्त ठेवणं, घराबद्दल कळलेलं सगळं त्याला सांगणं ही त्याची कर्तव्यं. पैसे मात्र जुन्याच वाटेने येत राहिले. विक्रेता साधारण पाच-सहा टक्के कमिशन देई आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा खरेदीदाराच्या एजंटाला मिळे. तो वाटा किती, हे विक्रेत्याचा एजंट यादीत आधीच लिहून ठेवी. म्हणून "बायर्स एजंट फुकट असतो" हे वाक्य घर घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असे. पण त्या व्यवहारात बाहेरून पैसे आणणारा एकटा खरेदीदारच असतो, आणि ते कमिशन घराच्या किमतीतच असे.

मग ३१ ऑक्टोबर २०२३ला मिसुरीतल्या कॅन्सस सिटीत एका ज्युरीने निकाल दिला. घर विकणाऱ्यांनीच दावा लावला होता: समोरच्याच्या एजंटाचे पैसे आम्ही का भरायचे? ज्युरीने 'नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स' ही राष्ट्रीय संघटना आणि काही मोठ्या कंपन्यांना जवळजवळ १७८ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. पुढे मार्च २०२४मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४पासून नवे नियम लागू झाले. यादीत खरेदीदाराच्या एजंटाचा वाटा लिहायचा नाही. एजंटाबरोबर घर बघायला जाण्याआधी लेखी करार करायचा आणि त्यात त्याची रक्कम स्पष्ट लिहायची. माजी सैनिकांच्या सरकारी गृहकर्ज योजनेत तर खरेदीदाराने ब्रोकरला पैसे देण्यावरच बंदी होती. ती त्याच महिन्यात तात्पुरती उठवावी लागली. एका निकालाने किती दूरच्या भिंती हलल्या, हे बघून थक्क व्हायला होतं.

तर आता एजंट घ्यावा का, हा प्रश्न खरेदीदारापुढे प्रथमच खऱ्या अर्थाने आला आहे, कारण आता त्याला किंमत दिसते. सहा लाख डॉलरच्या घरावर अडीच टक्के म्हणजे पंधरा हजार डॉलर. विक्रेता ते द्यायला अजूनही तयार होऊ शकतो, ऑफरमध्ये तसं मागता येतं. पण तो नाही म्हणाला तर ते बहुधा रोखीने, डाउन पेमेंटच्या वर भरावे लागतात.

टक्केवारीचं गणित इथे उलटं चालतं. एजंटाने घासाघीस करून किंमत वीस हजारांनी खाली आणली तर तुमचे वीस हजार वाचतात, आणि त्याचे पाचशे डॉलर बुडतात. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. तो अभ्यास विक्रेत्यांचा होता, पण व्यवहार लवकर उरकण्याची ओढ दोन्ही बाजूंच्या एजंटांना सारखीच असते. माणूस प्रामाणिक असला तरी ही ओढ असते. म्हणून ठरावीक रक्कम घेणारा एजंट मिळाला, तर मला तो जास्त पटतो.

मग पंधरा हजार कशाचे? घरं शोधण्याचे तर नक्कीच नाहीत, ती आता मोबाइलवर दिसतात. मालकीहक्काची तपासणी टायटल कंपनी करते. न्यू जर्सीत, जिथे आपली पुष्कळ मराठी मंडळी घरं घेतात, एजंटाने तयार केलेला करार वकिलाकडून तपासून घ्यायला कामाचे तीन दिवस मिळतात, आणि वकील टक्केवारीवर काम करत नाही. एजंटाची खरी किंमत त्याच्या स्थानिक डोळ्यात आहे. न्यू जर्सीतल्या जुन्या घरांच्या अंगणात कधी कधी हीटिंगच्या तेलाची लोखंडी टाकी पुरलेली असते. ती गंजून गळली असेल तर माती साफ करण्याचा खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो, आणि नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये ती शोधली जाईलच असं नाही. "ऑफर देऊ, पण आधी टाकी आहे का ते बघून घेऊ," असं सांगणारा माणूस त्या एका वाक्यात आपली फी वसूल करून देतो. एका घरावर दहा ऑफर आल्या असतील, गाव नवं असेल, पहिलंच घर असेल, तर मी एजंट घेईन. त्याच गावात दहा वर्षं राहिलेल्या, शेजारचंच घर घेणाऱ्या कुटुंबाला चांगला वकील आणि चांगला इन्स्पेक्टर पुरेल.

एक गोष्ट मात्र कोणताही एजंट सांगणार नाही. "या भागात आपली माणसं आहेत का हो?" हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदा आहे. तो गप्प बसला तर त्याला माहिती नाही असं समजू नका. त्यासाठी तिथल्या मराठी मंडळातल्या कोणाला तरी फोन करा.

ठाणे-पुण्यात फ्लॅट घेऊन गेलेल्यांची आणखी एक सवय तिथे महाग पडू शकते. आपल्याकडे एकच दलाल दोघांकडून दलाली घेतो आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. अमेरिकेत दोन्ही बाजूंचा एकच एजंट असणं अनेक राज्यांत लेखी संमतीने चालतं; फ्लोरिडा आणि कोलोरॅडोत बंदी आहे. जिथे चालतं तिथे तो तुमच्या वतीने भाव पाडू शकत नाही. विक्रेत्याच्या एजंटाकडे थेट गेलात म्हणून पैसे वाचतीलच असंही नाही. विक्रेत्याशी झालेल्या त्याच्या करारात तशी सोय असेल, तर दोन्ही वाटे तोच ठेवू शकतो. तेव्हा विचारा.

एजंट घ्यायचा ठरला, तर करारातली मुदत आधी वाचा. सहा महिन्यांच्या करारावर पहिल्याच भेटीत सही करण्याची सक्ती नाही. एका घरापुरता किंवा एका दिवसापुरता करारही मागता येतो, आणि ओपन हाउस बघायला तर कसलाच करार लागत नाही. रक्कम नेमकी लिहून घ्या. करारात दोन टक्के असतील आणि विक्रेत्याने तीन देऊ केले, तरी एजंटाला दोनच घेता येतात.