आजोबांची बंदूक : दुरुस्ती की विसर्जन?

आमच्या घरातील ठासणीच्या बंदुकीचा प्रश्न वर्षभर कुटुंबात धुमसत आहे. आजोबांनी शेतीच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली ही एकनळी बंदूक पुढे वडिलांच्या नावे झाली. वडील गेल्यानंतर कायद्याप्रमाणे ती परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. नळी आतून गंजली आहे, घोडा सैल झाला आहे, दस्त्याला चीर गेली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील घरी राहून शेती पाहणारा धाकटा भाऊ म्हणतो, दुरुस्त करून घेऊ. आम्हा शहरात राहणाऱ्या भावंडांना ती घासूनपुसून दिवाणखान्यात टांगावी असे वाटते. आईचे म्हणणे निराळेच. ती वस्तू पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ नये.

वरकरणी हा घरगुती वाद. परंतु कोकणात आणि घाटावरही कितीतरी घरांत असा वारसा आहे, आणि त्याचा निर्णय बहुधा भावनेच्या भरात होतो. म्हणून त्याची थोडी चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम कायदा. लॉर्ड लिटनच्या राजवटीत 1878 साली देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि त्याच वर्षी शस्त्र कायदाही आला. एकाने लेखणी आवळली, दुसऱ्याने बंदूक. वृत्तपत्रांचा कायदा काही वर्षांतच रद्द झाला. शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही टिकला आणि त्याची जागा 1959 च्या कायद्याने घेतली. या नव्या कायद्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली दिसते. पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. 2016 च्या नियमांनी वारसाच्या नावे परवाना देण्याची वाट आखून दिली. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ असू शकणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. वारशाने आलेली बंदूकही या दोहोंच्या मर्यादेतच मोजली जाते.

आता दिवाणखान्याचा पक्ष पाहू. ‘मोडकी तर आहे, तिला परवाना कशाला?’ हा प्रश्न आमच्या घरी अनेकदा विचारला गेला. कायदा सूट देतो ती कालबाह्य, पुराणवस्तूच्या मोलाच्या वा नादुरुस्त शस्त्राला. पण दुरुस्ती करूनही जे बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशालाच. नादुरुस्त असणे पुरेसे नाही, ते दुरुस्तीपलीकडचे असावे लागते. आमची बंदूक दोन्हींच्या मध्ये आहे. ती उडत नाही, पण एखादा कुशल कारागीर तिला उडती करू शकेल. म्हणजे भिंतीवर टांगायची तरी परवाना हवाच. दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. गावच्या लोहाराकडे नळी नेण्याचा सल्ला आम्हाला एका हितचिंतकाने दिला होता. तो मानला असता तर लोहारही गोत्यात आला असता आणि आम्हीही.

अर्थशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगतो की झालेला खर्च निर्णयाच्या हिशेबात धरू नये. आजोबांनी तिच्यासाठी काय मोजले, वडिलांनी नूतनीकरणासाठी किती खेटे घातले, हे सारे त्या अर्थाने बुडीत खात्यात. वर्गात हे सांगणे सोपे जाते. वडिलांच्या हातची परवान्याची जुनी पुस्तिका, तिच्यावरचे शिक्के, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा केल्याच्या जपून ठेवलेल्या पावत्या समोर आल्या, तेव्हा ते सूत्र मला स्वतःलाच लागू करता येईना. तथापि लागू करायलाच हवे. उद्या या बंदुकीचा उपयोग कोणाला आहे, हा खरा प्रश्न.

तो भावाला आहे. वानरांनी आणि रानडुकरांनी कोकणातील शेती किती जेरीस आणली आहे, हे शहरातून उमगत नाही. पडीक पडलेली खाचरे पाहिली की उमगते. अर्थात 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली रानडुक्कर मारायचे तर वन खात्याची परवानगी हवी. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. मग उरतो आवाज. नुसत्या आवाजासाठी फटाक्यांची माळ स्वस्त पडते, हे मी भावाला ऐकवले. त्यावर तो म्हणाला, ‘‘दादा, चार दिवसांत वानरांना फटाका कळतो. आणि परवानगी मिळाली तरी हातात काय घेऊन जाऊ?’’ मला उत्तर सुचले नाही.

परंतु दुरुस्ती या शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी सूचित होतात, आणि आमच्या घरात त्यांची सरमिसळ झाली होती. एक, गंज थांबवणे, लाकूड सांधणे, वस्तू आहे तशी टिकवणे. दुसरी, तिला पुन्हा बार सोसण्याजोगी करणे. पहिलीत कारागिराने फार उत्साह दाखवला, नळी चकचकीत घासली, दस्ता नवा बसवला, तर जुनेपणाचे मोल उलट घटते. दुसरीत चूक झाली तर माणूस जातो. जुन्या नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या असतात. आजच्या धूरविरहित दारूचा दाब त्यांना पेलत नाही. आत गंजाने खड्डे पडले असतील, तर काळी दारूसुद्धा नळी फोडू शकते, तीही बार काढणाऱ्याच्या तोंडासमोर. आईच्या हट्टामागे हेच भय आहे. आम्ही सुशिक्षितांनी त्याला उगाच बायकी भित्रेपणा म्हटले.

सबब आम्ही क्रम उलटा केला. बहिणीने आणि मी भावाच्या नावे संमतीपत्रे लिहून दिली आहेत. तो शेती करतो, वारसही आहे, परवान्याचा अर्ज त्यानेच करावा. मात्र दुरुस्तीचा एक पैसाही त्याआधी खर्च होणार नाही. विक्रेत्याकडच्या परवानाधारक कारागिराने प्रथम नळीची जाडी मोजायची आणि आतील खड्डे तपासायचे. त्याने नळी बाद ठरवली, तर बंदूक शासनाच्या स्वाधीन करायची आणि पुस्तिका तेवढी घरी ठेवायची, असे ठरले आहे. आईने याला होकार दिला, पण तपासणीच्या वेळी धाकट्याबरोबर मीही जायचे, या अटीवर. पुढल्या महिन्यात आम्ही दोघे जाणार आहोत.