गुडघा सुजला, पण कशानं?

सहा-सात वर्षांचं पोर सकाळी उठतं तेच लंगडत. दहा-अकरापर्यंत पुन्हा अंगणात धावायला लागतं, म्हणून घरच्यांना वाटतं, शाळा बुडवायचं निमित्त असेल. ‘वाढीचं वय आहे, पाय दुखायचेच,’ असा शेजाऱ्यांचा हवाला. पण वाढीचं दुखणं रात्री येतं, बहुधा दोन्ही पायांत, आणि सकाळी त्याचा मागमूस नसतो. सांधा सकाळीच आखडत असेल आणि सहा आठवडे उलटूनही सूज उतरत नसेल, तर तो बालसंधिवात असू शकतो. वात म्हाताऱ्यांनाच होतो, हा समज इथे मुलाला महागात पडतो.

हा आजार आनुवंशिक आहे का, असं आई-वडील विचारतात तेव्हा डॉक्टरांना सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. शरीराला आपलं-परकं ओळखायला मदत करणारे ‘एचएलए’ जनुकांचे गट सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यातले काही प्रकार आजाराकडे कल वाढवतात, एवढंच. मुलग्यांमध्ये जास्त दिसणाऱ्या, टाच, गुडघा आणि कंबर धरणाऱ्या प्रकाराशी ‘एचएलए-बी२७’चं नातं जवळचं आहे, भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत हा प्रकार बराच आढळतो. तरीही बी२७ असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात. अगदी एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला बालसंधिवात झाला, तरी दुसरं भावंड बहुतेक वेळा त्यातून सुटतं. म्हणजे जनुकांखेरीज आणखी काहीतरी घडावं लागतं.

यवतमाळ जिल्ह्यात मात्र सुजलेल्या सांध्यामागे वेगळीच आनुवंशिकता दडलेली असू शकते. नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी १९५८मध्ये ‘लॅन्सेट’मधून मध्य भारतातल्या सिकलसेल या रक्तदोषाची नोंद जगापुढे मांडली. पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव या पट्ट्यात हा शब्द आज घरोघरी ठाऊक आहे. इथे कलबिल नाही, सरळ हिशेब आहे: अकराव्या गुणसूत्रावरच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल, आणि तो आई-बाप दोघांकडून आला की आजार. एकाकडूनच आला, तर मूल फक्त वाहक. वाहकाला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून जंगलपट्ट्यात हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

कोयत्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडं ठणकतात. तान्ह्या बाळाचे हात-पाय फुगतात, मोठ्या मुलाच्या खुब्याचं हाड रक्ताअभावी झिजतं. थंडी, ताप, कमी पाणी पिणं, एवढंही निमित्त पुरतं. अशा मुलाला कुणी संधिवात समजून स्टेरॉइड चालू केलं, तर कळा वाढू शकतात. उलट प्रत्येक दुखणं सिकलसेलच्या नावावर टाकलं, तर बालसंधिवाताची औषधं लांबतात. आणि बालसंधिवात असलेल्या काही मुलांत, विशेषतः लहान मुलींत, डोळे लाल न होताही आतून सुजत राहतात.

पहिली चाचणी स्वस्त आहे. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा आणि नळीमागे रेघा आखलेला कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकलसेलचा संशय. रुग्ण की वाहक, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिसनं कळतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी ठरली होती.

दोन्ही आजारांतला फरक घरच्यांनाही उपयोगी पडतो. बालसंधिवात निघाला, तर धडधाकट भावंडांची बी२७ तपासणी करून काहीच साधत नाही. पैसे मात्र जातात. सिकलसेल निघाला, तर भावंडांना लगेच तपासायलाच हवं. आणि आई-वडील दोघंही वाहक असतील, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिल्या तीन-चार महिन्यांत गर्भाची तपासणीही करता येते.