फ्रेंच पाव : घाई केली की फसला

फ्रान्समध्ये हातभर लांब, वरून कुरकुरीत आणि आतून जाळीदार असा पाव रोज खातात. 'पारंपरिक फ्रेंच पाव' म्हणून विकायच्या पावात कसलीही रसायने घालायला तेथे १९९३ च्या सरकारी हुकमाने बंदी आहे. मग चव येते कुठून? नीट आंबवण्यातून.

घरी ओव्हन असेल तर करून पाहा. अर्धा किलो मैदा, ३२५ मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ आणि ५ ग्रॅम कोरडे यीस्ट घेऊन दहा मिनिटे मळा. पीठ हाताला चिकटते म्हणून वरून मैदा ओतू नका. मी पहिल्यांदा ती चूक केली आणि दगडासारखा झालेला पाव घरच्यांनी चहात बुडवून संपवला!

गोळा ओल्या फडक्याखाली दुप्पट होऊ द्या. उन्हाळ्यात तासाभरात होतो, थंडीत जास्त वेळ लागतो. घड्याळ नको, पीठ पाहा. इडलीच्या पिठाचे आपण असेच करतो.

तीन लांबट पाव वळून पाऊण तास ठेवा. मग धारदार पात्याने तिरप्या चिरा द्या. ओव्हन २३० अंशांवर तापवून तळाशी भांड्यात उकळते पाणी ठेवा. वाफेमुळे वरची साल लवकर सुकत नाही आणि पाव फुलतो. वीस-पंचवीस मिनिटांनी पावाच्या तळाशी टिचकी मारा. पोकळ आवाज आला की पाव भाजला.

दुसऱ्या दिवशी तो कडक होतो. फ्रेंच गृहिणी तो टाकत नाही. दूध-अंड्यात भिजवून तव्यावर परतते. शिळ्या पोळीला आपण फोडणी देतोच ना!