बेचिराग गावाचा मेयर

आपल्या महसुली दप्तरात एक शब्द आहे : बेचिराग. गावाचं नाव कागदावर आहे, शिवार आहे, नकाशा आहे, पण राहायला माणूस नाही, अशा गावापुढे हा शेरा मारतात. चिराग म्हणजे दिवा. संध्याकाळी जिथे दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. हा फारसी शब्द वर्षानुवर्षं कारकुनांच्या फायलींत पडून राहिला. पण त्यात जितकी कविता आहे तितकी मला फार थोड्या कवितासंग्रहांत सापडली. पुढे मराठी कानाला त्यात ‘राख’ ऐकू आली आणि आपण ‘बेचिराख’ म्हणू लागलो. आज ज्या गावाविषयी बोलायचं आहे, त्याला हे दोन्ही शब्द लागू पडतात.

गाव फ्रान्सच्या ईशान्येला, व्हर्दून शहरापासून थोड्याच अंतरावर. नाव फ्लरी-दव्हां-दुओमों. म्हणजे ‘दुओमोंपुढचं फ्लरी’. फ्रान्समध्ये फ्लरी नावाची गावं बरीच, तेव्हा ओळख पटायला शेजाऱ्याचं नाव जोडलेलं. आपण बुद्रुक आणि खुर्द म्हणून सोय करून घेतो, तसाच हा प्रकार.

इथली जमीन समजून घेतली तर पुढचं सगळं समजतं. म्यूझ नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. तिच्या पूर्वेला चुनखडीच्या टेकड्यांची रांग आहे आणि टेकड्या उतरल्या की चिकणमातीचं सपाट मैदान लागतं. टेकडीवर उभं राहिलं की पूर्वेकडून येणारा लांबूनच दिसावा अशी ही जागा. १८७१ साली फ्रान्स जर्मनीकडून हरला, अल्सास आणि लोरेनचा काही भाग गेला, सरहद्द जवळ सरकली. मग फ्रेंचांनी या टेकड्यांवर किल्ले बांधले. एका बाजूला दुओमोंचा किल्ला, दुसऱ्या बाजूला सुव्हीलचा, आणि त्यांच्या मधल्या धारेवर शेती आणि लाकूडतोड करून जगणारं फ्लरी. पहिल्या महायुद्धाआधी गावात ४२२ माणसं होती. गावाचा दोष म्हणाल तर एवढाच की ते दोन किल्ल्यांच्या मध्ये वसलं होतं.

२१ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मन तोफा सुरू झाल्या आणि गाव रिकामं करण्यात आलं. लोकांना वाटलं असेल, आठ-पंधरा दिवसांत परतू. जून ते ऑगस्ट या काळात हे गाव १६ वेळा एका सैन्याकडून दुसऱ्याकडे गेलं. ‘गाव’ ही बोलायची पद्धत. खरं तर विटांचा चुरा आणि चिखल या हातातून त्या हातात जात होता. १८ ऑगस्टला फ्रेंचांनी तो कायमचा परत घेतला. घेतलं तेव्हा घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

युद्ध संपलं, पण लोकांना परत जाता आलं नाही. जमिनीत न फुटलेले तोफगोळे होते, विषारी वायू होते, आणि हजारो माणसं होती, ज्यांना कुणी पुरलं नव्हतं आणि तरी ती पुरली गेली होती. सरकारने हा टापू ‘लाल पट्टा’ ठरवला, जमीन ताब्यात घेतली आणि पुढे तिथे काळ्या पाइनची झाडं लावली. आज तिथे दाट जंगल आहे. मात्र झाडांखालची जमीन सपाट नाही; तोफगोळ्यांचे खड्डे एकाला एक लागून आहेत आणि त्यांवर गवत उगवलंय. भूगोलाच्या पुस्तकात नद्या जमीन घडवतात, हिमनद्या घडवतात. इथे ती काही महिन्यांत तोफांनी घडवली.

आता कारभाराकडे येऊ. फ्रान्समध्ये स्थानिक कारभाराचा सर्वांत लहान घटक म्हणजे कम्यून. १७८९ च्या क्रांतीत जुन्या चर्चच्या हद्दींवरून हे घटक आखले गेले आणि १८८४ च्या कायद्याने त्यांचा कारभार पक्का झाला. आपल्याकडे ग्रामपंचायत वेगळी, नगरपरिषद वेगळी, महानगरपालिका वेगळी. तिथे तसं नाही. पॅरिस हेही एक कम्यून आणि चाळीस उंबऱ्यांचं खेडं हेही एक कम्यून. अशी सुमारे ३५,००० कम्यून आज आहेत आणि देशाची बहुतेक सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या कम्यूनची आहे. लोक दर सहा वर्षांनी परिषद निवडतात आणि परिषद आपल्यातून मेयर निवडते. हा मेयर दुहेरी माणूस असतो. तो गावाचा प्रतिनिधी, आणि त्याच वेळी सरकारचाही. जन्म, विवाह, मृत्यूची नोंद त्याच्याकडे. कायद्याने मान्य असं लग्न लागतं ते त्याच्याच कार्यालयात. चर्चमध्ये जायचं ते नंतर. वर जिल्ह्यासारखा विभाग आणि तिथे केंद्राने नेमलेला प्रिफेक्ट, साधारण आपल्या कलेक्टरसारखा. फ्लरीचा विभाग म्यूझ, प्रिफेक्टचं ठाणं बार-ल-द्युक.

मग ज्या गावात मतदारच नाही, तिथे परिषद निवडायची कुणी? व्हर्दूनच्या लढाईत अशी नऊ गावं पुसली गेली. सरळ मार्ग होता : हद्दी शेजारच्या गावांत मिसळून टाकायच्या. पण सरकारने तसं केलं नाही. ‘फ्रान्ससाठी मृत’ हा सन्मान सैनिकांना मिळतो, तो या गावांनाही दिला गेला. १९१९ साली कायदा झाला आणि त्यांना निवडलेल्या परिषदेऐवजी नेमलेला छोटा आयोग मिळाला. तीन सदस्य, नेमणूक प्रिफेक्टकडून, आणि आयोगाच्या अध्यक्षाला मेयरचे अधिकार. समारंभात तो तिरंगी पट्टाही बांधतो. नऊपैकी तीन गावांत पुढे थोडीफार वस्ती झाली. सहा गावं अजूनही बेचिराग आहेत : फ्लरी, बोमों, बेझोंव्हो, क्युमिएर, ओमों आणि लुव्हमों.

तुम्ही विचाराल, हा मेयर दिवसभर करतो काय? लग्नं लावायची नाहीत, शाळा चालवायची नाही. फ्लरीत घरांच्या जागी खुणा रोवल्या आहेत. इथे लोहार, इथे बेकरी, इथे शाळा, ही मेयरची कचेरी. चर्चच्या जागी छोटं चॅपेल आहे. गावाच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या जागेवर १९६७ साली व्हर्दूनचं स्मारक-संग्रहालय उघडलं. जागा राखायची, स्मृतिदिन पाळायचे, गाव सोडून गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांना त्यांचं घर कुठे होतं ते दाखवायचं, हा कारभार. शिवाय जमीन अजून काही ना काही परत देते. २०१३ साली फ्लरीत २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले आणि त्यांतल्या काहींची नावंही कळली.

जवळच दुओमोंची मोठी दफनभूमी आहे. तिथे सुमारे सहाशे मुस्लीम सैनिकांच्या कबरी आहेत, मक्केच्या दिशेने वळवलेल्या. अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्को, पश्चिम आफ्रिका अशा वसाहतींतून आणलेली ही मुलं. त्यांच्यासाठी वेगळं स्मारक उभं राहायला २००६ साल उजाडलं. राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांनी त्याचं उद्घाटन केलं. ओसाड गावांची आठवण राखायला देशाने १९१९ सालीच कायदा केला, आणि या मुलांच्या स्मारकाला नव्वद वर्षं लागली. हा हिशेब मला खटकतो, तो इथे नोंदवून ठेवतो.

अलीकडे फ्रान्समध्ये लहान कम्यूननी एकत्र यावं म्हणून सरकार जोर लावतं. खर्च वाचतो, कामं नीट होतात, हे खोटं नाही. पन्नास माणसांच्या गावाला पाण्याची योजना एकट्याने पेलत नाही. कम्यूनांची संख्या ३६,००० च्या वर होती, ती अशीच उतरली. १ जानेवारी २०१९ ला दुओमों आणि व्हो ही नऊंपैकी दोन गावं जोडली गेली आणि दुओमों-व्हो असं नवं कम्यून झालं. तिथे थोडे लोक राहत होते, त्यांची सोय पाहायला हवी होती. फ्लरीत सोय पाहावी असं कुणीच नाही. म्हणून एका अर्थी ते सर्वांत निरुपयोगी कम्यून आहे, आणि म्हणूनच ते मोडू नये असं मला वाटतं. मोडलं तर त्याची सुमारे दहा चौरस किलोमीटर जमीन कुठेही जाणार नाही, फक्त दुसऱ्या कुणाच्या नावावर लागेल.

तूर्त तसं काही झालेलं नाही. फ्रान्सचं सांख्यिकी खातं दर वर्षी प्रत्येक कम्यूनची लोकसंख्या प्रसिद्ध करतं. त्या यादीत फ्लरीचा क्रमांक ५५१८९ आहे, आणि त्यापुढच्या रकान्यात शून्य.