जंतूच्या आवरणातला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टीबीचं औषध

"डॉक्टर, जंतूचा व्हॉल्व्ह उघडून त्याला मारणारं औषध आलंय म्हणे. मग आईच्या एवढ्या गोळ्या आता बंद करायच्या का?" टीबीच्या एका रुग्णाच्या मुलाने नवी मुंबईतल्या माझ्या दवाखान्यात मोबाइलवरचा मजकूर दाखवत हा प्रश्न विचारला. उत्तर स्पष्ट आहे: गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण त्या मजकुरामागे खरं संशोधन आहे. ते आधी समजून घेऊया.

जंतूला व्हॉल्व्ह कशाला लागतो?

मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, कारण आत साखर जास्त असते आणि पाणी तिकडे ओढलं जातं. वाशीच्या खाडीतल्या जंतूंचंही असंच होतं. खाऱ्या पाण्यात टिकण्यासाठी ते आपल्या पेशीत विरघळणारे पदार्थ साठवून ठेवतात. मुसळधार पाऊस पडून बाहेरच्या पाण्याचा खारेपणा एकदम कमी झाला, की पाणी वेगाने आत शिरतं. अशा वेळी जंतू फुटूही शकतो.

यातून वाचण्यासाठी जंतूच्या आवरणात ताण ओळखणारी प्रथिनं असतात. आपल्या कुकरला शिट्टी असते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तसंच इथे आहे. कमी ताणाला उघडणारं प्रथिन म्हणजे एमएससीएस आणि अगदी फुटायची वेळ आली की उघडणारं एमएससीएल. फरक इतकाच, की कुकरचा व्हॉल्व्ह उडाला तर बदलावा लागतो. जंतूचा मात्र ताण उतरल्यावर आपोआप मिटतो. १९९९ मध्ये स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जंतूतून ही दोन्ही प्रथिनं काढून टाकली, तेव्हा पाणी अचानक आत शिरताच बहुतेक जंतू मेले. दोन्हींपैकी एक जरी शिल्लक असलं, तरी जंतू तगले.

टीबीशी याचा काय संबंध?

एमएससीएलची रचना १९९८ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा उलगडली, ती टीबीच्याच जंतूच्या प्रथिनावरून. पाच सारखे तुकडे एकत्र येऊन हा व्हॉल्व्ह बनतो. पूर्ण उघडल्यावर त्याचं छिद्र सुमारे ३ नॅनोमीटर रुंद होतं. आपल्याला हे अगदी बारीक वाटेल, पण औषधाचा रेणू आत जायला ते पुरेसं आहे. पूर्वी टीबीसाठी सर्रास दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन ई. कोलायमध्ये या छिद्रातून शिरतं, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं.

माणसाच्या पेशींत एमएससीएल नसतं. आपल्याकडे स्पर्श आणि दाब ओळखणारी पिझो नावाची वेगळी प्रथिनं आहेत. ती शोधणारे आर्डेम पटापुटियन हे २०२१ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी होते. म्हणूनच फक्त जंतूचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणारं औषध बनवता येईल का, याचा शोध चालू आहे. याची गरज आपल्याला चांगलीच ठाऊक आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण २०१२ च्या सुमारास जगासमोर मांडले होते.

आणखी कुठे उपयोग?

नेदरलँड्समधील संशोधकांनी २००५ मध्ये या प्रथिनाला प्रकाशाने उघडणारी कळ बसवली. हेतू असा, की चरबीच्या सूक्ष्म पिशवीत औषध भरायचं आणि हवं तेव्हाच बाहेर सोडायचं. २०२३ मध्ये फ्रान्समधील गटाने याच व्हॉल्व्हचं जनुक उंदरांच्या चेतापेशींत घालून त्या पेशी अल्ट्रासाउंडने जाग्या केल्या. दृष्टी गेलेल्यांना पुढे याचा उपयोग व्हावा, ही त्यामागची आशा आहे.

तुम्ही काय करायचं?

हे सगळं अजून प्रयोगशाळेत आहे. असं औषध आज केमिस्टकडे मिळत नाही. कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका. टीबीचे उपचार चालू असतील तर बरं वाटू लागलं तरी कोर्स पूर्ण करा. औषधं मध्येच सोडली तर उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. मळमळ, कावीळ, नजर किंवा ऐकू येण्यात फरक जाणवला तर मनाने गोळी बंद न करता लगेच डॉक्टरांना भेटा. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

त्या मुलाला मी हेच सांगितलं: नवं औषध येईल तेव्हा येईल, आईची आज रात्रीची गोळी मात्र चुकवू नकोस.