गर्दीने चॅट सर्व्हर पडतो का? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कंपनीचा किंवा कॉलेजचा स्वतःचा चॅट सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : "लोक वाढले, सर्व्हरला झेपेना." मग मोठ्या मशीनचे कोटेशन येते. मशीन बसते आणि सर्व्हर पुन्हा त्याच आकड्याला मान टाकतो.

वास्तविक नुसते कनेक्शन फार स्वस्त असते. डॅन केगल यांनी १९९९ च्या सुमारास एका सर्व्हरवर दहा हजार कनेक्शन कशी पेलायची, हा प्रश्न मांडला होता. जानेवारी २०१२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सांगितले, की त्यांच्या एका सर्व्हरवर एकाच वेळी वीस लाखांहून अधिक कनेक्शन चालू आहेत. ते मशीन २४ लॉजिकल कोरचे होते, मेमरी १०० जीबीच्या आसपास. तेव्हा तुमचा सर्व्हर हजारावर अडत असेल, तर दोष मशीनच्या ताकदीत असण्याची शक्यता कमीच.

गैरसमज : हजार लोक झाले की सर्व्हर क्रॅश होतो.

बहुतेक वेळा तो क्रॅश झालेलाच नसतो, नव्या माणसाला आत घेत नसतो. लिनक्समध्ये प्रत्येक कनेक्शनला एक फाइल डिस्क्रिप्टर लागतो आणि एका प्रोसेसला सहसा १०२४ डिस्क्रिप्टरचीच परवानगी असते; ही मर्यादा 'युलिमिट' या आज्ञेने बदलता येते. त्यातले काही लॉग फाइल आणि डेटाबेस खातात. उरलेले संपले की लॉगमध्ये 'टू मेनी ओपन फाइल्स' ही ओळ दिसते. काही सर्व्हर अशा वेळी दारातले कनेक्शन घेण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहतात, सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो आणि बघणाऱ्याला वाटते, लोडच फार आहे.

गैरसमज : मग युलिमिट वाढवली की झाले.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला साधा. टर्मिनलवर युलिमिट वाढवली, तरी सिस्टमडीने चालू केलेल्या सेवेला ती लागू होत नाही. लिमिट्स डॉट कॉन्फ या फाइलमधला बदलही तिथे पोहोचत नाही. त्या सेवेच्या युनिट फाइलमध्ये 'लिमिटनोफाइल' ही ओळ लिहावी लागते. खरी मर्यादा किती आहे, हे चालू प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरमधल्या 'लिमिट्स' फाइलमध्ये दिसते. मी तरी तिच्याशिवाय कशावरच विश्वास ठेवणार नाही.

दुसरा खड्डा खोल आहे. जुना चॅट सर्व्हर 'सिलेक्ट' या पद्धतीने कनेक्शनवर लक्ष ठेवत असेल, तर त्याच्या यादीत १०२४ जागाच असतात, शून्य ते १०२३. युलिमिट वाढवल्यावर १०२४ किंवा त्यापुढच्या क्रमांकाचा डिस्क्रिप्टर आला, की प्रोग्रॅम आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीत लिहू लागतो. आधी जो सर्व्हर निमूटपणे नकार देत होता, तो आता खरोखरच कोसळतो, तोही दर वेळी वेगळ्या ठिकाणी. यावर उपाय सेटिंगचा नाही. कोडमध्ये 'पोल' किंवा 'ईपोल' आणावे लागते, नाहीतर सर्व्हर बदलावा लागतो.

गैरसमज : पोर्ट ६५,५३५ च आहेत, त्यामुळे त्याहून जास्त कनेक्शन शक्य नाहीत.

सर्व्हर सगळ्यांना एकाच पोर्टवर भेटतो. बाजारातल्या एका गाळ्यावर कितीही गिऱ्हाइके आली, म्हणून गाळ्याचा नंबर संपत नाही. दोन्हीकडचे आयपी आणि दोन्हीकडचे पोर्ट मिळून कनेक्शनची ओळख ठरते. पोर्ट संपतात ते फोन लावणाऱ्याचे, म्हणजे कनेक्शन सुरू करणाऱ्याचे. सर्व्हरपुढे प्रॉक्सी असेल, तर प्रॉक्सीच आतल्या सर्व्हरला फोन लावते आणि लिनक्सवर तिच्याकडे त्यासाठी मुळात २८ हजारांच्या आसपासच पोर्ट असतात. एकाच लॅपटॉपवरून लोड टेस्ट करणाऱ्याचेही हेच होते. आकडा २८ हजारांजवळ थांबतो आणि बोल सर्व्हरला लागतो.

गैरसमज : जितकी कनेक्शन, तितकी माणसे.

रेल्वे बोगद्यात शिरली, फोनची रेंज गेली, तर सर्व्हरला ते कळत नाही. लिनक्सचे टीसीपी कीपअलाइव्ह, मागितले तरच, आणि दोन तासांच्या शांततेनंतर पहिली चौकशी करते. तोवर तोच माणूस आणखी चार वेळा जोडला गेलेला असू शकतो. म्हणून चॅट सर्व्हरने स्वतःच दर अर्ध्या-एक मिनिटाने पिंग पाठवावा आणि उत्तर न देणाऱ्याला काढून टाकावे.

मेमरीचे दुखणेही बहुधा नुसत्या माणसांच्या संख्येचे नसते. दोन हजारांच्या ग्रुपमधला एक मेसेज म्हणजे दोन हजार पाठवण्या. त्यात ज्यांचे नेट रडते आहे, त्यांचे मेसेज सर्व्हर आपल्या मेमरीत साठवत बसतो. या साठ्याला मर्यादा नसेल, तर एक दिवस मेमरी संपते आणि अशा वेळी प्रोसेस बंद पाडणारा लिनक्सचा ओओएम किलर येऊन सर्व्हरच मारतो. चॅटच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो, तो कर्नलच्या लॉगमध्ये सापडतो.

गैरसमज : अडला तर रीस्टार्ट करावा.

रीस्टार्टने सगळ्यांची कनेक्शन एकदम तुटतात आणि सगळे एकदमच परत येतात. गप्पा मारणाऱ्या हजारोंपेक्षा एकाच सेकंदात लॉगिन करणारे हजारो कितीतरी महाग पडतात. प्रत्येकाचे एन्क्रिप्शन नव्याने ठरवायचे, पासवर्ड तपासायचा, जुने मेसेज काढून द्यायचे. सर्व्हर पुन्हा बसतो, पुन्हा रीस्टार्ट होतो. यावर इलाज क्लायंटच्या बाजूला आहे. पुन्हा जोडण्याच्या प्रत्येक प्रयत्नाआधीची थांबण्याची वेळ दुप्पट करत न्यायची आणि तिच्यात थोडा यदृच्छ फरक ठेवायचा, म्हणजे सगळे एकाच क्षणी दार ठोठावत नाहीत. कोड दहा-बारा ओळींचा आहे. तो अ‍ॅपच्या पहिल्याच आवृत्तीत टाका. सर्व्हर पडल्यावर तो लिहिलात, तर लोकांच्या फोनमधली जुनी आवृत्ती तेवढ्यात बदलता येत नाही.