पद्मिनीचा तळ

मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरअखेरीस ताडदेव आरटीओत झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस तीही रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिन्या आणि त्यांच्या थोरल्या बहिणी, म्हणजे १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या फियाट ११०० डिलाइट, अजून बऱ्याच आहेत. काही सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली पडून आहेत, तर काही हौशी मंडळींनी रस्त्यावर आणल्या आहेत. गाडी पुन्हा चालवायची म्हटलं की मालक आधी इंजिनाकडे धावतो. हे इंजिन साधं आहे आणि जाणत्या मेकॅनिकच्या हाती ते सहसा मार्गी लागतं. खरा खर्च आणि खरी डोकेदुखी पत्र्यात असते.

त्याचं कारण गाडीच्या रचनेत आहे. जुन्या विलीज जीपला खाली लोखंडी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. जीपचा पत्रा सडला तरी चासी गाडी पेलते. फियाट ११०० मात्र मोनोकॉक आहे, तिला वेगळी चासीच नाही. फ्लोअर, दाराखालचे पोकळ पट्टे म्हणजे सिल, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. तिच्या फ्लोअरला भोक पडणं म्हणजे सांगाड्यालाच कीड लागणं. दार उघडल्यावर खाली उतरतं, बंद करताना अडकतं, तेव्हा बिजागरी घट्ट करून भागत नाही. बऱ्याचदा खालचा सिल बसलेला असतो.

लोखंडाला ओल आणि ऑक्सिजन मिळाला की गंज धरतो, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यात मीठ मिसळलं की हाच खेळ कितीतरी वेगाने चालतो, आणि मुंबई, रत्नागिरी, पणजी या गावांच्या हवेतच मीठ आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली तो फुगतो आणि वर पापडासारखे फोड दिसतात. फोड दिसेपर्यंत पत्रा बहुतेक वेळा आतून खाल्लेला असतो, कारण या गाड्या सडतात त्या आतून बाहेर. समोरच्या काचेचं रबर वाळून चिरतं, पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून पायाशी उतरतं आणि रबरी मॅटखाली महिनोन्‌महिने मुरत राहतं. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मातीने बुजतात. सिलच्या पोकळीत एकदा ओलावा शिरला की तिथे ऊनही पोचत नाही आणि वाराही.

पुराची गाडी हा तर वेगळाच प्रकार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाडीचं सीट-कापड बदलता येतं, इंजिन खोलून धुता येतं, पण बंद पोकळ्यांत बसलेला गाळ वर्षानुवर्षं ओल धरून राहतो.

आपल्याकडे सडक्या पत्र्यावरचा जुना उपाय म्हणजे लांबी, अर्थात पुट्टी. भोकावर पत्र्याचा तुकडा किंवा फायबरची जाळी चिकटवायची, वर पुट्टी थापायची, घासायची आणि रंग मारायचा. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी आरशासारखी दिसते. पण पुट्टी ओल शोषते आणि खालचा गंज जिवंतच राहतो, त्यामुळे दोन पावसाळ्यांत फोड पुन्हा डोकं वर काढतात. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरची उरलासुरला उंचसखलपणा भरून काढायला पुट्टीचा पातळ हात ठीक. भोक बुजवायला ती वापरणं ही निव्वळ फसवणूक आहे, मग ती गिऱ्हाईकाने मागितलेली का असेना.

नीट काम करणारा डेंटर आधी गाडी उघडी करतो. सीट आणि मॅट बाहेर काढतो, आवाज दाबण्यासाठी फ्लोअरवर चिकटवलेले डांबराचे थर हीटगनने मऊ करून खरवडून काढतो. वेल्डिंगच्या ठिणगीने भडका उडू नये म्हणून पेट्रोलची टाकी उतरवतो आणि बॅटरीची वायर सोडवतो. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक घेऊन सगळीकडे टोचत जातो. बाहेरून धडधाकट दिसणारा पत्रा अशा वेळी बिस्किटाइतक्या सहज मोडतो आणि मालकाचा चेहरा उतरतो. अंदाजपत्रक वाढतं ते इथेच.

कापायच्या आधीची एक पायरी अनेक गॅरेजांत टाळली जाते आणि तिची किंमत पुढे आयुष्यभर मोजावी लागते. मोनोकॉक गाडीचा सिल किंवा फ्लोअर कापला की बॉडी वाकू शकते. म्हणून दारांच्या मोकळ्या चौकटीत आडवे-तिरके पाइप तात्पुरते वेल्ड करून सांगाडा बांधून घ्यावा लागतो आणि गाडी समतल जागी नीट टेकवावी लागते. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. एक बाजू पूर्ण झाली, दारं जागेवर बसतात हे पाहिलं, की मगच दुसरी.

सडका भाग कुठवर कापायचा? तर चकचकीत, निरोगी पत्रा लागेपर्यंत. भोकाच्या काठाला चिकटलेल्या कागदासारख्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग धरतच नाही, नवी भोकं मात्र पडतात. नवा तुकडा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा, मूळ जाडीचा हवा. मूळ फ्लोअरवर उठावाच्या ज्या पन्हळी असतात त्या शोभेच्या नसून पातळ पत्र्याला ताठपणा देण्यासाठी असतात. सपाट पत्रा टाकला तर गाडी चालताना तो थरथरतो आणि वाजतो. त्यामुळे पन्हळी आणि पाणी जायची भोकं दोन्ही नव्या पत्र्यावर उतरवून घ्यायला हवीत.

जोडकामाला पूर्वी गॅस वेल्डिंगच असायचं. त्याची आच पसरते आणि पातळ पत्रा वाकडातिकडा होतो. सीओटू वेल्डिंगने आच कमी पसरते, तरीही सलग रेघ ओढायची नसते. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब आणि मधे पत्रा निवायला वेळ. कडेला कड जोडली तर उत्तम. जिथे पत्र्यावर पत्रा येतोच, तिथे मधल्या फटीत पाणी शिरतं, म्हणून जोडण्याआधी जस्तयुक्त प्रायमर आणि नंतर सीलर लागतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा धूर विषारी असतो, त्यामुळे मुलामा आधी घासून काढणं आणि हवा खेळती ठेवणं आवश्यक.

यानंतर इपॉक्सी प्रायमर आणि खालून अंडरबॉडी कोटिंग. गंजावरच कोटिंग मारलं तर ते ओल कोंडून ठेवतं, म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली नासाडी. सिलच्या आत ब्रश पोचत नाही, तिथे छोट्या भोकातून नळीने पातळ मेण फवारतात. हे काम स्वस्त आहे आणि कुणाला दिसत नाही, बहुधा म्हणूनच ते राहून जातं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करता येते आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे पत्रा बदलताना मूळ आकार राखणं कागदपत्रांच्या दृष्टीनेही शहाणपणाचं.

जुनी फियाट विकत घ्यायची असेल तर खिशात कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक ठेवावं. ते जिथे धरत नाही तिथे खाली जाड पुट्टी आहे असं समजावं. मॅट स्वतःच्या हाताने उचलून पाहावी आणि गाडी रॅम्पवर चढवून तळ तपासावा. रॅम्पवर चढवायला मालक नाही म्हणाला, तर रंग कितीही सुंदर असो, सौदा तिथेच सोडावा.